मागची चाकं

बाबा,

आईच्या उजव्या हाताचा अंगठा आता हलायला लागलाय. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी पॉलिटेक्निकला होते. आता परभणीत आयटीआयला शिकवते आणि झरीहून रोज एसटीनं जाते-येते, कारण आई गाव सोडायला तयार नाही. मागच्या उन्हाळ्यात लकव्यानं तिची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, बोलणं तुटक का होईना पण परत आलं, हात मात्र मांडीवर पडून राहिला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिनं शेजारच्या कुत्र्याच्या पिलाला देऊन टाकला. हाताला कामच नाही तर उगं कशाला हलवू, म्हणाली. जिनं जन्मभर विळा चालवला तिच्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं.

आता गाडीचं सांगते. गिअर वेग कमी करून जोर कसा वाढवतो, हे वर्गातल्या पोरींना दाखवायला मी रिमोटवरची एक गाडी घेतली होती. हातभर लांब, मऊ फुगीर टायरांची. ती पळत नाही, दगडांवरून सावकाश चढते. असल्या गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. एका रविवारी मी ती परसात चालवत होते. संडासाच्या खड्ड्यातून निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग तिथं अजून पडून आहे. आई बाजेवर बसून बघत होती. गाडी एका दगडाच्या कडेवर लोंबकळली, तशी आईची मान तिच्याबरोबर वाकडी झाली. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती कशात तरी अशी गुंतलेली दिसली. मी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला.

तो रिमोट दोन हातांचा होता, तिला जमणारा नव्हता. मग एका दांडीचा मागवला. दांडी पुढं ढकलली की गाडी पुढं जाते, बाजूला नेली की वळते. दांडीच्या आत स्प्रिंग असते. तिचा स्क्रू मी ढिला करत करत इतका सैल केला, की लुळ्या अंगठ्याच्या नुसत्या भारानं दांडी सरकावी. वेगही असा बसवला की दांडी पूर्ण ढकलली तरी गाडीनं रांगतच जावं. पहिल्या दिवशी आईनं डाव्या हातानं उजवा अंगठा उचलला आणि दांडीवर ठेवला. गाडी बोटभर सरकली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर मांडीवर उशी आणि उशीवर रिमोट घेऊन माझी वाट बघत बसलेली.

अडचण परसाची होती. भिंत आणि धुण्याचा दगड यांच्यामधल्या बोळीत गाडी वळेना. मागं-पुढं करून करून तिचा अंगठा दमायचा आणि ती रिमोट बाजूला सारायची. तेव्हा मला तुम्ही चालवायचात ते पीक कापायचं हार्वेस्टर आठवलं. एवढं धूड, पण मागची चाकं वळायची म्हणून शेताच्या कोपऱ्यात जागच्या जागी फिरायचं.

अजून डोळ्यांसमोर येतं: मी शाळकरी आहे. तुमचा डबा घेऊन पेडगावच्या शिवारात आलेय. खरं तर डबा आईनं आणायचा, पण त्या हंगामात ती तुमच्याशी बोलत नाहीये. सोयाबीन काढणाऱ्या बायांची टोळी आई चालवायची, आणि शेताच्या मालकानं मशीन आणून त्यावर तुम्हाला बसवल्यापासून त्या बाया घरी बसल्यात. तुम्ही मला वर ओढून घेता, सीटजवळ उभं करता. भुसा केसांत, डोळ्यांत, डब्याच्या झाकणावर. बांध जवळ आला की तुम्ही स्टेअरिंग फिरवता. मशीनचं तोंड डावीकडे वळतं आणि मागचा सगळा पसारा उजवीकडे झोकतो. "समोर बघू नको," तुम्ही सांगता, "बूड कुटं जायलंय ते बघ."

त्याच हंगामात तुम्हाला बोलणी बसली, तेही मला लख्ख आठवतं. मशीनचा मागचा पत्रा बाभळीला धडकून आत गेला होता. मालक चार लोकांसमोर तुम्हाला वाटेल तसं बोलला आणि तुम्ही खाली मान घालून एवढंच म्हणालात, "माझी नजर चुकली, मालक." उरलेल्या हंगामाला त्यानं दुसरा ड्रायव्हर बसवला. मला तुमचा राग आला होता. इतकं बारीक बघणारा माणूस बाभळीला कसा धडकतो, ते कळेना. तुम्ही मात्र घरी आलात, हातपाय धुतले आणि जेवायला बसलात. आणि इतके दिवस न बोलणाऱ्या आईनं तव्यावरची पहिली भाकरी तुमच्या ताटात घातली. मला वाटलं, तिला दया आली.

तर मी गाडीचा मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, बदलला, चाकं वळवता येतील असा घातला, आणि ती वळवायला त्यावर छोटी मोटर बसवली. पण पुढची-मागची मोटर एकदम जोर लावू लागली की करंट पुरायचा नाही आणि गाडी मध्येच मेल्यासारखी थांबायची. दोघींना वीज वेगळी दिली. मग गाडी दगडावर वळताना कलंडू लागली. तेव्हा बॅटरी खाली, पुढच्या चाकांजवळ आणली आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा कमी वळतील असं केलं. शेवटी दोन्हींचं वळणं एकाच दांडीला जोडलं. पुढची चाकं डावीकडे गेली की मागची आपोआप उजवीकडे. आईला काही वेगळं करायला नको. दरवेळी दुरुस्ती झाली की ती चालवून बघायची आणि डोळ्यांनीच सांगायची, अजून नाही.

शेवटच्या दुरुस्तीनंतर गाडी बोळीत शिरली, एका दमात वळली, आणि वळताना तिचं मागचं टोक धुण्याच्या दगडाला लागलं. आई हसली. आजारपणानंतर मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. अर्धाच चेहरा हसतो तिचा, पण आवाज पूर्वीचाच.

"तवाबी आसंच झालं," ती म्हणाली. "बूड गेलं बाभळीवर."

मी विचारलं, कधी? तिनं थांबत थांबत सांगितलं. त्या दिवशी माझी शाळेत परीक्षा होती, म्हणून डबा घेऊन तीच आली होती. डबा बांधावर ठेवून निघाली, तर तुम्ही हाक मारलीत. रान कापून मोकळं झालं होतं. तुम्ही तिला वर बोलावून सीटवर बसवलंत आणि स्वतः बाजूला उभे राहिलात.

"म्हनले, तुज्या बायांचं काम ह्या मशिनीनं नेलं, तर तूबी चालवून बघ. ही काय हाय ते कळू दे." मग म्हणाली, "लय ग्वाड वाटलं गं. बांध कवा आला कळलंच न्हाई."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तिनं अंगठा दांडीवर ठेवला. "त्यांनी कुटं सांगितलं?" म्हणाली आणि गाडी मागं घेतली.

मी तिथंच दगडावर बसून राहिले. बाबा, तुम्ही हंगाम गमावलात आणि बाईनं मशीन ठोकलं असं मालकाच्या तोंडून कुणाला ऐकू दिलं नाहीत. तिच्या बायांना तर नाहीच. मला तुमच्या हातांना हात लावावासा वाटला. ते कुठून आणू?

हे कुठं पाठवायचं नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. ती तुमच्याशी तिचं ती बोलत असेल. फक्त एक सांगायचं राहिलं. हल्ली तिच्या टोळीतल्या म्हाताऱ्या बाया संध्याकाळी परसात येऊन बसतात. आई आणि मी आळीपाळीनं गाडी ढिगाच्या माथ्यावर नेतो. तिची पोचते, माझी उलटते. बाया म्हणतात, लेक मुद्दाम पाडायलीय, आईचा जीव रमावा म्हणून. मी हसते आणि त्यांना तसं समजू देते. पण मी मुद्दाम पाडत नाही, बाबा.