मागची भिंत

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! राजवाडा, चौक, बाजारपेठ, माड्या; अख्खं शहर आमच्या हवाली आणि प्रजा म्हणून आम्ही दोघंच. ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग संपलं, मंडळी पांगली, सेट तसाच राहिला. तो राखायची नोकरी मला मिळालीय. मी मूळचा गवंडी, त्यामुळे बघताक्षणी हसू फुटलं. सगळ्या इमारती नुसत्या पुढून! प्लायवूडवर प्लास्टरचे दगड. मागे बांबूंचे टेकू, गोणपाट आणि बाहेर आलेले खिळे. ही मात्र महाराणीच्या तोऱ्यात सगळीकडे मिरवून आली. लग्नापासून सासूच्या स्वयंपाकघरात दिवस काढलेत बिचारीने.

५ तारीख, बुधवार

राहायला पत्र्याची खोली आहे. आत नुसती भट्टी. हिने बाजारपेठेतलं निळ्या दाराचं घर हेरलंय. म्हणाली, एवढं देखणं दार आहे, मागे एक खोली काढून द्या की, गवंडी ना तुम्ही?

सेट बांधणारे सुतारकाका अधूनमधून टेकू तपासायला येतात. त्यांच्या कानावर घातलं तर अंगावरच आले. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच करायचं, मागची बाजू कधी पुरी करायची नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. एका घराला मागची बाजू मिळाली की बाकीची गप्प बसत नाहीत, म्हणे. म्हातारा जरा सरकलेला दिसतो.

९ तारीख, रविवार

खोली झाली. विटा, छप्पर, ओटा, सगळं. हिने पहिला चहा ठेवला आणि रडायलाच लागली. आपलं घर, आपलं घर, असं घोकत होती. मलाही भरून आलं.

११ तारीख

शेजारच्या घरामागचे टेकू गायब. तिथे भिंत उभी आहे. मी बांधलेली नाही. गिलावा ओला, हाताला कोमट लागतो. हिला अजून सांगितलेलं नाही.

१२ तारीख

सुतारकाका आले, पांढरेफटक पडले. तुमची खोली आजच पाडा म्हणाले. ही दारात आडवी उभी राहिली. माझंही डोकं फिरलं, त्यांना नाही नाही ते बोललो. ते तणतणत शेजारच्या घरात शिरले. बाहेर आलेच नाहीत.

दुपारी वरच्या खिडकीत दिसले. हसत होते. हाका मारल्या, ढिम्म हलले नाहीत. मागची भिंत अजून माडीपर्यंत चढली नव्हती, तिथून शिडी लावून चढलो.

काकांना मागची बाजू नव्हती. गोणपाट, बांबू, खिळे. आणि ते श्वास घेत होते.

१३ तारीख

अख्ख्या पेठेच्या मागे भिंती चढताहेत. हिला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता. ही म्हणते, घर सोडून यायची नाही. शेवटी मी पहार घेतली. मागच्या भिंतीवर एकच घाव घातला — आणि ही पुढच्या दारात किंचाळली. विटेतून रक्त —

मी बांधलेली भिंत. माझ्या हातांनी —

१४ तारीख

ही सकाळपासून दारात उभी. हसतेय. वळ म्हटलं, वळत नाही. मी मागून बघणार नाही. नाही बघणार —

१५

फाटकापर्यंत पळालो. परत आलो. टाकून कसा जाऊ हिला?

हिचा आवाज आता ओट्यामागच्या भिंतीतून येतो. म्हणते, एकटीला भीती वाटते, जरा टेकून बसा ना. टेकलोय. ऊब आहे. शहारे येताहेत तिला, मला कळतंय —

उठता येत नाही. पाठ सुटत नाहीये —

ही म्हणते, ओढू नका, दुखतं मला — झालंच आता — दोघांचं घर —