पट्ट्याला जाळी

उधना, मंगळवार, जून १९७५

नवा कायदा येतोय म्हणे. यंत्रमागाच्या प्रत्येक पट्ट्याला जाळी हवी. पण माझ्या एवढ्याशा कारखान्यात जाळी बसवायची, तर जागेसाठी एक माग काढावाच लागेल. कोणाचा? सगळे माझ्याच गावचे, मीच आणलेले.

आज विष्णूला सांगितलं, तुझा माग काढावा लागेल; तो सर्वांत शेवटी आला म्हणून. त्याने पायच धरले. "दादा, जाळी नको. हात गेला तरी तक्रार करणार नाही." मागे त्याचीच बाही पट्ट्यात ओढली गेली होती. मी धावत जाऊन मोटर बंद केली, म्हणून हात वाचला.

घरी आलो तर त्याची बायको ओट्यावर बसलेली. म्हणाली, "त्यांचं ऐकू नका. जाळी बसवा." आणि रडायला लागली.

माग उद्या काढतोय. मग तुम्ही खाणार काय, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.