कुणाच्या टेबलावर किती दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार
लागली एकदाची यादी! परवाना खात्याच्या दारातच. अर्जाचा नंबर, आल्याची तारीख आणि आज तो कुणाच्या टेबलावर किती दिवस पडलाय – सगळं. परवाने नंबरानेच निघणार. मध्येच एखादा घुसला तर तो लाल शाईने लिहायचा. नव्या साहेबबाई म्हणाल्या, “लावा. पण तुमच्यासाठी वेगळा नियम नाही हं.” मी म्हटलं, बिनधास्त!
तपासनीसांचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही त्यांना ‘उद्यासाहेब’ म्हणतो. चहापाणी मिळेपर्यंत प्रत्येकाला “उद्या या”! मला म्हणाले, “ताई, भिंत खराब होते.” पंधरा वर्षांत पहिल्यांदा भिंतीची काळजी!

४ फेब्रुवारी
यादी फाडली कुणीतरी. दुसरी लावली. आणखी दहा प्रती काढून ठेवल्यात. फाडा लेको!

६ फेब्रुवारी
हसून हसून पोट दुखलं. एका निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसून यादी वाचली आणि थेट उद्यासाहेबांसमोर जाऊन खणखणीत आवाजात, “माझा अर्ज सव्वीस दिवस तुमच्या टेबलावर काय करतोय? झोपलाय का?” अख्खी रांग हसली. नंबर त्यांचाच होता. अर्ध्या तासात अर्ज माझ्याकडे!

९ फेब्रुवारी, रविवार
धाकटी नणंद आली होती. शिवणकामाचं दुकान काढतेय. मशिनं आली, पाटी रंगवून झाली, फक्त परवाना नाही. नंबर अठ्ठ्याऐंशी. “वहिनी, तू त्या ऑफिसात असून मी रांगेत?” नाही म्हटलं. चहा न घेताच गेली. हे पेपरात डोकं घालून बसले – तोही कालचा पेपर!
फार वाईट वाटलं. लग्न मोडल्यापासून पहिल्यांदाच ती इतक्या हौसेने काहीतरी करतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
यादी दर शुक्रवारी नव्याने लागते आणि आपल्या नावापुढे मोठा आकडा कुणालाच नको. त्यामुळे गुरुवारी दुपारी सगळ्यांना कामाचा असा काही उमाळा येतो! टेबल रिकामं करायचा मार्ग एकच – सही करून पुढे ढकलणं. आणि पुढे म्हणजे मी. शेवटची सही माझी! ढीग हनुवटीपर्यंत आला. मलाही माझा आकडा शून्य हवा होता, खोटं कशाला लिहू? आधी वाचून सह्या केल्या, मग नुसत्याच ठोकल्या. साडेपाचला टेबल चकाचक. पैसे घेऊन अर्ज पुढे सरकवून देणारा फाटकावरचा दलाल गिऱ्हाईकच नाही म्हणून दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
यादी करायला बसले आणि बघते तर काय! अठ्ठ्याऐंशी – परवाना दिला. अजून एकेचाळीस चालू आहे! आणि सही माझी.
उद्यासाहेबांनीच ढिगात सरकवला होता. गोड हसून म्हणाले, “घरचं माणूस म्हणून केलं हो, फुकट! आता लाल शाई लावताय, की यादीच बंद करताय?”
साहेबबाईंना सगळं सांगितलं. परवाना रद्द, अर्ज पुन्हा रांगेत. मग लाल शाईने लिहिलं – ‘८८. नंबर सोडून. न वाचता सही केली. चूक माझी.’ आणि लावली यादी.
घरी येऊन नणंदेला फोन केला. सगळं सांगितलं, उद्यासाहेब ‘फुकट’ म्हणाले तेसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आता ही काही माझ्याशी बोलत नाही. रडले मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिस उघडतंय तोच नणंद यादीसमोर उभी. हातात तो रद्द झालेला परवाना आणि एक कागद. “फुकट कसलं, वहिनी? पैसे घेतलेत त्याने माझ्याकडून. तारखेसकट लिहून आणलंय. मी दिले, तेही लिहिलंय. डिंक दे.”