चारबागच्या कुलीचं उदाहरण

ती. आप्पा,

लखनौहून कांचनचा नमस्कार. आत्याकडे मी मजेत आहे, भाकरी मिळत नाही एवढंच.

बी.एस्सी.ला सध्या यांत्रिकी चालू आहे. परवा सर इथल्या चारबाग स्टेशनाचं उदाहरण देत म्हणाले, "चारबाग का कुली सिर पर पेटी लेकर प्लॅटफॉर्म पर सीधा चले, तो पेटी पर उसका काम ज़ीरो!" ओझं पेलायचं वरच्या दिशेला आणि चालायचं आडवं, म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबात काम शून्य. वर्ग हसला. मीही हसले.

तुम्ही मिरज स्टेशनात हमाली करता, हे वर्गात कुणाला ठाऊक नाही.

आज चाचणीत तोच प्रश्न आला. उत्तर येत होतं, पण हाताने शून्य लिहवेना. जागा कोरी सोडली. दोन गुण गेले, रागावू नका.

मान अजून दुखते का?

तुमची,
कांचन