कॅमेऱ्याकडं बघून हसायचं

५ नोव्हेंबर २०००, नारायणगुडा

आले एकदाची हैदराबादला. देगलूरची बस गौलीगुड्याच्या स्टँडात शिरली तेव्हा छाती धडधडत होती, पण आनंदानं. विक्रमदादा सोडायला आला होता. ऑटोवाला मला "बैठो अम्मा" म्हणाला, तर दादा वाटभर मला त्रिवेणीअम्मा म्हणून चिडवत होता.

घर छान आहे. दोन मजली, खाली जाईचा वेल. मुकुंदकाका सरकारी खात्यातून रिटायर झालेत, त्यांचे वडीलही सरकारी नोकरीतच होते. दादाच्या मास्तरांनी ही ओळख काढून दिली. मालतीकाकू मराठीच बोलतात, पण मधूनच हैदराबादी "हौ" आणि "नक्को" येतं. मला खालची खोली दिली. गरम खट्टी दाळ, भात आणि तळलेल्या मिरच्या वाढल्या, आणि दादाला बसमध्ये खायला उस्मानिया बिस्किटांचा पुडा दिला.

त्यांची मुलगी स्वाती लंडनच्या एका कंपनीत आहे. भिंतीवर तिचा फोटो आहे, निळ्या कुडत्यातला. काका म्हणाले की तिच्या कंपनीला कॉम्प्युटर शिकलेल्या मुली हव्यात आणि मुलाखत इथूनच होते, वरच्या खोलीतून, कॅमेऱ्यावर. मुंबईला जायला नको, मद्रासला नको. मास्तरांनी हेच सांगितलं तेव्हा बाबांना इतकं बरं वाटलं होतं की अख्ख्या गल्लीला सांगून आले. आपल्या घरात शेतीशिवाय काही केलेली मी पहिलीच.

८ नोव्हेंबर

आज काकूंबरोबर कोठीच्या बाजारात गेले. फुटपाथवरून मुलाखतीच्या तयारीचं एक जुनं पुस्तक घेतलं. कपड्याच्या दुकानात मला पिवळा ड्रेस आवडला होता, पण काकूंनी निळाच घ्यायला लावला. माझ्या खांद्याला लावून बघताना त्यांचे डोळे भरून आले. मी मुलीची आठवण येते का विचारलं. हौ म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी वरच्या खोलीत सराव घेतला. कॉम्प्युटरवर एक छोटा गोल कॅमेरा बसवलाय, टेबलटेनिसच्या चेंडूएवढा. काका म्हणाले, सगळ्या मुली इथंच चुकतात. समोरच्याचा चेहरा पडद्यावर असतो म्हणून पडद्याकडं बघतात, आणि तिकडच्या माणसाला वाटतं की ही नजर चुकवते आहे. बघायचं कॅमेऱ्याच्या डोळ्यात. पाठ ताठ, हात मांडीवर. चित्र अडखळत जातं म्हणून मान हळू हलवायची. उत्तर येत नसलं तरी कॅमेऱ्याकडं बघून हसायचं.

माझ्याआधी बिदरची राणी म्हणून एक मुलगी इथं राहायची. ती सहज पास झाली, असं काकू सांगत होत्या. मलाही व्हायचंय.

१३ नोव्हेंबर

झाली पहिली मुलाखत! दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी कॉम्प्युटर लावून दिला आणि ते खाली गेले. पडद्यावर स्वातीच आली. फोटोतल्यासारखीच, कुडताही तोच. चित्र तुटक येत होतं, ती एका जागी हसायची आणि पुढच्या क्षणी नुसतीच बघत असायची.

मी प्रोग्रॅमिंगची इतकी तयारी केली होती, त्यातलं तिनं काहीच विचारलं नाही. घरी कोण कोण आहे, रागावतेस का, फार वेळ एका जागी बसवतं का, सोबत आवडते का. मी नीट, हसून उत्तरं दिली. शेवटी विचारलं की आईचा, म्हणजे काकूंचा, गुडघा कसा आहे. मी सांगितलं, जिना चढताना दुखतो.

खाली आले तर काकू शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की तुझ्याशी बोलताना ती हसली का. हो म्हटल्यावर देवापाशी साखर ठेवली.

१६ नोव्हेंबर

दुसरी मुलाखत. आज चित्र स्वच्छ होतं, स्वातीच्या मागचं ऑफिस दिसलं. लांब खोली, खिडकी नाही. ओळीनं टेबलं आणि प्रत्येक टेबलाशी मान खाली घालून बसलेली मुलगी. काम कुणी करत नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या.

स्वाती विचारत होती की मला रात्री कुशीवर झोपायची सवय आहे की पाठीवर. मी उत्तर देत असताना मागची एक मुलगी वर बघायला लागली. सरळ माझ्याकडं. गाल ओले होते. स्वातीनं मागं वळूनही पाहिलं नाही, फक्त बोलायची थांबली. त्या मुलीची मान आपोआप खाली गेली.

काकांना विचारलं. परदेशात कामाचा ताण असतो म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

१८ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या गच्चीवर सुजाताताई होत्या, शाळेत शिकवतात. त्यांनी विचारलं, मी इथं कशी. मी स्वातीच्या कंपनीचं सांगितलं. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

स्वाती मागच्या उन्हाळ्यात गेली. वरच्या खोलीत, खुर्चीतच. लंडनच्या कंपनीची मुलाखत चालू होती. हृदयच बंद पडलं म्हणे. तिकडच्या लोकांना कळलंही नाही, ते प्रश्न विचारत राहिले, कारण ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. काकूंना सापडली तेव्हाही हसतच होती.

राणीचं विचारलं. ताई म्हणाल्या की तिला घराबाहेर पडताना गल्लीत कुणी बघितलं नाही. तिचा भाऊ दोनदा येऊन गेला. काकांनी त्याला ती लंडनला गेली म्हणून सांगितलं.

"तू आजच्या आज गावाला जा," ताई हळू म्हणाल्या. "सामान राहू दे इथंच."

मी तशीच खाली आले. फाटकाला कुलूप होतं. काकू पायरीवर बसल्या होत्या, जणू माझीच वाट बघत. मी किल्ली मागितली. त्यांनी माझा हात धरला, घट्ट नाही, आईनं धरावा तसा.

"एकटीला करमत नाही गं तिला."

मी हात सोडवला, फोनकडं धावले. काकांनी वायर आधीच काढून ठेवली होती.

१९ नोव्हेंबर

वरच्या खोलीत ठेवलंय. बाहेरून कडी. सकाळी खिडकीतून हाका मारल्या. सुजाताताई फाटकाशी आल्या, काकांशी वाद घातला. काका शांतपणे सगळ्यांना सांगत होते की पोरीला ताप चढलाय, बरळते आहे, घरच्यांना निरोप धाडलाय. लोक पांगले. सरकारी नोकरीतला माणूस, कोण खोटं म्हणणार. ताईंना त्यांचे यजमान हाताला धरून घेऊन गेले.

मग खिडकी खिळे मारून बंद केली. काका खिळे ठोकताना माझी माफी मागत होते.

२० नोव्हेंबर

एक सुचलंय. पास झाले तर अडकेन ना? मग नापास व्हायचं.

केस विंचरले नाहीत. निळा ड्रेस फाडला. स्वाती आल्यावर मी कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही. एकही उत्तर धड दिलं नाही. शिव्या दिल्या, बाबा बैलाला देतात तसल्या. तू मेली आहेस म्हणाले. थुंकले पडद्यावर.

ती हसली. पहिल्यांदाच चित्र न अडखळता, पूर्ण हसली. म्हणाली की बाकीच्या सगळ्या नाटक करत होत्या, खरा चेहरा दाखवणारी मीच पहिली. अशीच सोबत तिला हवी होती.

खालून काकूंनी देवापाशी घंटा वाजवल्याचा आवाज आला. त्यांना कसं कळलं?

२१ नोव्हेंबर

दादा आलाय. खाली दादाचा आवाज आहे. माझं पत्र नाही म्हणून बघायला आला असणार.

दार बडवते आहे. घसा बसलाय, आवाज फुटत नाही, नुसती हवा—

काका सांगताहेत, त्रिवेणी निवडली गेली, कालच विमानात बसली, घाईत निघावं लागलं, पत्र येईल. दादा रडतोय. आनंदानं. बाबांना कसं सांगू, किती खूश होतील, म्हणतोय. वर आवाज कसला, त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, गच्चीवर वानरं आलीत.

फाटक वाजलं. दादा, वर बघ. एकदा वर—

२२ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद होता. मी बटण दाबलं नाही. आपोआप लागला.

कधीपासून येतेस, तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. नाही, नाही, नाही. ती मान डोलवत राहिली, हळू, चित्र तुटू नये म्हणून. जणू मी आजपासूनच येते म्हणाले.

वायर उपटली. पडदा विझत नाही. चादर टाकली तर चादरीवर तिचा चेहरा. डोळे मिटले तरी—

तारीख कळत नाही

लांब खोली. खिडकी नाही. माझं टेबल आहे, टेबलावर उभी काच, कॉम्प्युटरच्या पडद्याएवढी. काचेतून वरची खोली दिसते. माझी खुर्ची रिकामी. काकूंनी फाटलेला ड्रेस उचलला, घडी केला. मग काच पुसली. त्यांचा तळवा एवढा मोठा, माझ्या तोंडावरून फिरला. रडत होत्या आणि हसत होत्या.

शेजारी राणी आहे. बोलत नाही. कुणीच बोलत नाही. मान वर ठेवायला जोर लागतो. स्वाती मधून फिरते, प्रत्येकीच्या केसांवरून हात—

पुन्हा

तिकडं कुणीतरी आलंय. काकांचा आवाज. पाठ ताठ, हात मांडीवर.

स्वाती म्हणते, आज प्रश्न तू विचार, निवड तू कर.

काचेत एक मुलगी. परभणीची म्हणे. निळा ड्रेस, नवा, घड्या मोडलेल्या नाहीत. केवढी खुशीत आहे.

मी जा म्हणते आहे. पळ म्हणते आहे. आवाज जातच नाही. फक्त प्रश्न जातात. घरी कोण कोण असतं— हे मी नाही विचारलं. तोंड माझं आहे, पण—

कपाळाला आठ्या घातल्या. हातानं जा, जा केलं. तिला वाटलं उत्तर चुकलं. सावरून बसली. कॅमेऱ्याकडं बघून आणखी गोड हसते आहे. नको गं, हसू नको, मला तू आवडलीस तर ती तुलाही इथं आणून—