माझ्या आवाजातला होकार

३ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती

आलो एकदाचा. दवाखान्याची खोली हवेशीर, गादी नवीन, खिडकीखाली संत्र्यांची गाडी. हिवरखेडला तीस वर्षं लोकांच्या लग्नांचे मंडप टाकले. इथं माझ्यासाठी कोणीतरी पडदे लावून ठेवलेत, पाहून बरं वाटलं.

सव्वा वर्षापूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान तेव्हापासून आपोआप डुलते, त्यामुळे हो की नाही ते कोणाला कळत नाही. राहिला डावा हात. त्याला पाटीवर अ-आ-ई गिरवून शिकवलं. एका बांबूपासून धंदा उभा केला, मग हात काय चीज!

डॉक्टर माधवीताईंनी समजावलं. कवटीखाली एक पातळ जाळी बसवायची. मनात बोलायचा बेत आला की ती पकडते आणि गळ्यातलं यंत्र तो माझ्याच जुन्या आवाजात बोलतं. प्रयोग आहे, तीन महिन्यांनी सगळं काढून घेऊ, म्हणाल्या. जुना आवाज मागितला. माझ्याजवळ फोनमध्ये रेकॉर्ड झालेले अकरा वर्षांचे कॉल आहेत. गिऱ्हाईक मागून पलटतं म्हणून जपून ठेवलेले. दीक्षानं, माझ्या पोरीनं, सगळे भरून दिले.

२३ नोव्हेंबर, रविवार

बोललो! दीक्षा अकोल्याहून सकाळच्या बसनं आली. जेवलीस का, असं नुसतं मनात आलं आणि गळ्यातून निघालं, जेवली काय वं माय? हुबेहूब मी. पोरगी ढसाढसा रडली. मग डोळे पुसत म्हणे, बाबा, आता सिस्टरले मंडपाचा भाव नोका सांगू.

शेजारच्या खाटेवर नबीभाई आहेत, अकोल्याचे शिंपी. त्यांना यंत्र माझ्या आधी बसलं आणि पुढचं ऑपरेशनही झालं. त्यात जाळीची तार हातालाही जोडतात. मोत्यासारखं उर्दू लिहितात. काय लिहिलं विचारलं तर त्यांची बायको हलीमाबी म्हणाली, सब खैरियत. पहिले लय चिडत होते, आता नाराज म्हणून होत नाहीत, असंही तीच म्हणाली.

२९ नोव्हेंबर

माझा कान तिखट. कर्ण्यांच्या रांगेतला कोणता फाटलाय ते मी दुरून सांगायचो. आज चहावाल्यानं साखर टाकू का विचारलं. मला मधुमेह, मनात म्हटलं, नको. गळा बोलला, हव ना भाऊ, होऊन जाईन.

हे वाक्य मी ओळखलं. तेल्हाऱ्याच्या एका लग्नाचा कॉल. मागं ट्रॅक्टरची धडधडसुद्धा आहे.

मग दिवसभर आठवत बसलो. अकरा वर्षांत फोनवर मी कोणाला नाही म्हटलंय? मंडपवाला नाही म्हणतच नसतो. हव म्हणतो, आणि नकार घरची बाई देते. चतुराबाई दारात उभी राहून सांगायची, तारीख भरली भाऊ, यायले काई समजत नाही. गिऱ्हाईक तिला शिव्या देई, मला रामराम करी. असा आमचा संसार आणि असा धंदा. ती चार वर्षांपूर्वी गेली.

यंत्राजवळ माझा नकार एकही नाही.

३ डिसेंबर

माधवीताई कॅमेरा घेऊन आल्या. दुसरं ऑपरेशन, डाव्या हाताचं. लिखाण भरभर होईल. मात्र जाळी मग कायमची, निघत नाही. तयार आहात का?

अंगातली सगळी ताकद लावून मनात ओरडलो, नको.

हव ना ताई, काळजी नका करू.

कॅमेरा चालू होता. इथल्या फॉर्मवर लिहिलंय, हात नीट नसेल तर कॅमेऱ्यापुढचा आवाज हीच सही. मी कागदावर नको लिहून पुढं केलं. त्यांनी वाचलं, आवाजालाच विचारलं, पुंजाजीभाऊ, हे काय? तो हसला. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढचं माझं हसू. म्हणे, मजाक केली ताई. त्याही हसल्या. लकव्यानंतर हात कधी भलतंच लिहितो, म्हणाल्या.

बाई वाईट नाही. वाईट असती तर सौदा तरी केला असता.

७ डिसेंबर, रविवार

दीक्षाला ही वही दिली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. म्हणाली, बाबा, खरं काय ते सांगा, मी आत्ता थांबवते.

तो म्हणाला, बसून बसून कंटाळतो माय, कायबी लिवतो. तुह्या लग्नाचा मंडप मीच टाकीन.

मी तिचं मनगट आवळलं. जितकं आवळता आलं तितकं. तिला वाटलं, माया. सव्वा वर्ष मुका बाप सांभाळला तिनं. बोलणारा परत गमवायची तिची हिंमत नाही. नातेवाईकाच्या जागी तिनं सही केली. वही उशाशी ठेवली — म्हणे, लिहीत राहा, हाताला व्यायाम.

१० डिसेंबर

उद्या सकाळी.

नबीभाईंचा हात थांबतच नाही. पेनाच्या टोकानं कागद फाटतोय. हलीमाबी कौतुकानं नवा कागद सरकवते. नबीभाईंचे डोळे मात्र माझ्यावर रोखलेले, पाणी वाहतंय —

मी डोळे मिटून उघडले, दोनदा. त्यांनीही. दोनदा.

ते आत आहेत.

११ डिसेंबर

गळ्यातल्या यंत्राचा पट्टा उपटायला हात वर नेला. हात पोचायच्या आत तोच ओरडला — सिस्टर, माहा हात धरा.

धरला. आत्ता सोडलाय, फक्त लिहायला. स्ट्रेचर आलं — दीक्षा, तो मी नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही तो —

१७ डिसेंबर

हळूहळू लिहिलं तर हात अजून माझा आहे. दीक्षा, काढ — काढा छान होता आज. दीक्षा हे — हेच सांगायचं, काळजी नका करू. हव. होऊन जाईन. मी आत — आत्ताच जेवलो. मी आत — आतापर्यंत इतकं बरं कधीच — मी आ