पेर्गेचं शेवटचं नाणं

१५ नोव्हेंबर २०२०, ॲडम्सटाउन

पुन्हा लॉकडाउन! फेब्रुवारीत नागपूरहून आले ती इकडे परदेशात लेकाकडे चार दिवस राहायला. अजून इथेच! आशुतोष एका खोलीत मीटिंगमध्ये, सूनबाई दुसरीत. नातीला विचारलं, "स्वानंदी, जेवलीस का गं?" "आयम ग्रँड, आजी." म्हणजे इथल्या बोलीत 'मी ठीक आहे'. दार बंद.

रविवार म्हणून बरं. नागपूरला सुभाषरावांना फोन. तिथल्या कॉलेजात आम्ही दोघांनीही इतिहास शिकवला, आता मिळून रोमन प्रांतांच्या नाण्यांवर पुस्तक लिहितोय. फोन नेहमी त्यांच्या वीणाबाई उचलतात. "देते हं" — की आमचं दोघींचं बोलणं संपलं.

आज कडाक्याचं भांडलो! तिसऱ्या शतकात एकेका शहराची टांकसाळ बंद का पडली? ते म्हणतात, रोमने आपल्या नाण्यातली चांदी इतकी घटवली की शहरांना तांब्याचं नाणं पाडणंही परवडेना. मी म्हटलं, एवढंच नाही. त्या नाण्यांवर गावाची देवी असायची, गावाचं नाव असायचं. ती हौसच आधी गेली असेल. "पुरावा द्या, मॅडम!" केवढ्यांदा ओरडले! किती बरं वाटलं.

३ जानेवारी २०२१

पेर्गेवर लिहितेय, रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या एका गावावर. आजूबाजूच्या टांकसाळी गप्प झाल्या तरी हे गाव आपल्या देवीची नाणी पाडत राहिलं. मग तेही थांबलं. अलेक्झांड्रिया आणखी थोडी टिकली, शेवटी तिथेही रोमसारखीच नाणी.

फिरायला गेले. रस्त्यापलीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात केला. कोण कुठले! दिवसभर तेच आठवत होतं.

१८ एप्रिल

फोन उचलला नाही. दोनदा केला.

२० एप्रिल

वीणाबाईंचा फोन. सुभाषरावांना ऑक्सिजन लावलाय. बेड मिळाला हेच नशीब म्हणाल्या.

२७ एप्रिल

सुभाषराव गेले.

आशुतोष मीटिंग सोडून खाली आला. शेजारी बसला. "आई, खूप जवळचे होते का गं?" काय सांगायचं? माझ्याशी भांडणारं माणूस होतं, म्हटलं.

पुस्तक मिटलं. त्यांचं प्रकरण तिकडे कागदांवरच राहिलं. आता कुणाला दाखवायचं?

९ मे

वीणाबाईंचा फोन. आधी दोघी रडलो. मग नाक ओढत म्हणाल्या, "ह्यांचे कागद काढून बसलेय. मला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण ह्यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागायचं नाही. मी वाचते, तुम्ही लिहून घ्या."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी पेन शोधायला धावले!